हिरव्याची वाट पाहू नका!

शीर्षक वाचून कोणी वाशीच्या सिग्नलला प्रयोग करायला निघू नये, हे आधीच सांगतो. हा हिरवा वेगळा आहे.

आपल्या हॉस्टेलवर दोन वाद कधीच मिटत नाहीत. मेसची उसळ कालचीच होती का, हा पहिला. आणि शनिवारी रात्री पामबीचला 'कोण आधी सुटला', हा दुसरा. पहिल्या वादात पडायची माझी हिंमत नाही, मेस सेक्रेटरी माझा रूममेट आहे. दुसऱ्याबद्दल मात्र बोलायचंय, आणि ते रेक्टर सरांनीही वाचावं अशी इच्छा आहे.

म्हणणं सुरुवातीलाच मांडून टाकतो. रेषेवरून ड्रायव्हर किती पटकन सुटतो ही गोष्ट शिकता येते. 'त्याचे रिफ्लेक्सच तसे आहेत यार' वगैरे जे आपण बोलतो त्यात फारसा दम नाही. पण शिकायला मोजमाप लागतं, आणि पामबीचवर मोजमाप नाही. तिथे आहे अंधार, हॉर्न आणि नंतर कँटीनमधली बढाई. मोजणारं यंत्र आपल्याच इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये दोन आठवड्यांत उभं राहू शकतं. मग ते का उभं राहत नाही, हा माझा प्रश्न आहे.

ज्यांना ड्रॅग रेस ठाऊक नाही त्यांच्यासाठी (म्हणजे बहुधा स्टाफरूमसाठी) थोडक्यात. दोन गाड्या, सरळ पट्टी, लांबी पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. वळण नाही, काही नाही. सुरुवातीला दोघांच्या मधोमध दिव्यांचा एक खांब असतो, त्याला म्हणतात ख्रिसमस ट्री. अमेरिकेत ही ट्री १९६३ साली आली. त्याआधी मध्ये झेंडा घेऊन माणूस उभा राहायचा आणि बेरकी ड्रायव्हर झेंड्याऐवजी त्याच्या खांद्याकडे बघत बसायचे, कारण हाताच्या आधी खांदा हलतो. मग 'तू आधी सुटलास', 'नाही, तू'... ओळखीचं वाटतंय ना? पामबीचला आपण अजून १९६२ मध्येच आहोत.

ट्रीचं काम असं चालतं. रेषेवर जमिनीलगत दोन आडवे प्रकाशकिरण सोडलेले असतात, एकमेकांपासून साधारण १८ सेंटीमीटरवर. पुढच्या चाकाने पहिला किरण अडवला की 'प्री-स्टेज'चा दिवा लागतो, दुसरा अडवला की 'स्टेज'चा. दोन्ही गाड्या स्टेज झाल्या की तीन पिवळे दिवे वरून खाली एकामागून एक, दर अर्ध्या सेकंदाने. शेवटच्या पिवळ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. ही झाली फुल ट्री. व्यावसायिकांच्या प्रो ट्रीत तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा येतो. हिरव्याच्या आधी चाकाने किरण सोडला तर लाल. खेळ खलास, घरी जा.

हिरवा लागल्यापासून चाक किरणाच्या बाहेर पडेपर्यंत जो वेळ जातो तो तुमचा रिॲक्शन टाइम. आणि गंमत अशी, की पट्टी कापायला लागलेला वेळ, ज्याला ई.टी. म्हणतात, त्याचं घड्याळ चाकाने किरण सोडल्यावरच सुरू होतं. म्हणजे रेषेवर डुलकी काढली तरी ई.टी. झकास येऊ शकते! पण जिंकतो तो, जो पलीकडे आधी पोचतो. समजा, तुमची गाडी १३.१० सेकंदांची, माझी १३.२०. तुम्ही रेषेवर ०.२१ घालवले, मी ०.०५. बेरीज करा: तुमचे १३.३१, माझे १३.२५. हळू गाडी घेऊन मी जिंकलो. याला होलशॉट म्हणतात आणि यात हरलेल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. शेवटच्या रेषेवर गाडी ताशी १६० च्या वेगात असेल तर ०.१ सेकंद म्हणजे जवळजवळ साडेचार मीटर, एक अख्खी गाडी. तो ०.१ सेकंद इंजिनातून काढायचा तर एक्झॉस्ट, फिल्टर, रीमॅप आणि बाबांना सांगायच्या थापा एवढं सगळं लागतं. रेषेवर काढायला एक पैसाही लागत नाही.

आता माणसाकडे येऊ. दिवा दिसला आणि बोट हललं, यात तरुण, ताज्यातवान्या माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. आवाजाला थोडा कमी, ०.१५ च्या आसपास. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत जो हलला तो चुकीची सुरुवात करतो असं मानतात. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत युजीनला अमेरिकेच्या डेव्हन ॲलनला ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीतून बाहेर काढलं, कारण त्याचा आकडा ०.०९९ आला. एक हजारांश! तिथे तर्क असा, की इतक्या लवकर कोणी ऐकूच शकत नाही, म्हणजे याने अंदाज बांधला.

मग ड्रॅगमधले लोक ०.०१०, ०.००५ असे आकडे कसे काढतात? ते सुपरमॅन नाहीत. ते हिरव्याकडे बघतच नाहीत, एवढंच. फुल ट्रीत तिसरा पिवळा दिसला की सुटायचं असतं. हिरवा बरोबर अर्ध्या सेकंदाने येणार हे ट्रीने आधीच सांगून ठेवलेलं असतं. त्या अर्ध्या सेकंदात ०.२ तुमचे आणि उरलेले गाडीचे.

गाडीचे किती, हे गणित मेकॅनिकलवाल्यांनी एकदा तरी करून बघावं. किरण जमिनीपासून जरा वर असतो, त्यामुळे चाक थोडं पुढे सरकलं तरी तो अडलेलाच राहतो. किरण मोकळा व्हायला चाकाला साधारण ३० सेंटीमीटर जावं लागतं, त्याला रोलआउट म्हणतात. त्वरण ५ मीटर प्रति सेकंद वर्ग धरा. अकरावीचंच सूत्र: ३० सेंटीमीटरला ०.३५ सेकंद. त्यात आपले ०.२ मिळवा, झाले ०.५५. हिरवा ०.५० ला लागला होता. म्हणजे तुमचा रिॲक्शन टाइम ०.०५, उत्तम! आणि हाच माणूस हिरवा दिसेपर्यंत थांबला असता तर? ०.५५. गाडी तीच, माणूस तोच, डोळे तेच. फक्त कोणत्या दिव्यावर सुटायचं एवढं माहीत असल्याने अर्धा सेकंद वाचला. जगात एवढा स्वस्त अर्धा सेकंद दुसरीकडे कुठे मिळत असेल असं वाटत नाही.

इथेच पुढची मेख आहे. स्टेज होताना गाडी आणखी १५ सेंटीमीटर पुढे घेतली तर रोलआउट अर्धा राहतो आणि वेळ ०.३५ वरून ०.२५ च्या खाली येतो. बेरीज ०.४५, म्हणजे हिरव्याच्या आधी, म्हणजे लाल. काल ज्याने ०.०५ काढला तो आज लाल खातो आणि म्हणतो, 'ट्रीच बिघडली आहे.' ट्री बिघडलेली नसते, चाक एक वीतभर पुढे असतं. म्हणून जाणकार ड्रायव्हर स्टेज होताना इतके नखरे करतात. दिवा नुकताच लागेल इतकंच पुढे, इंच इंच, दर वेळी तेवढंच. जो पुढे सरकून स्टेज होतो त्याला रिॲक्शन चांगला मिळतो पण ई.टी. थोडी जाते, कारण घड्याळ सुरू होण्याआधी गाडीला मिळणारी धाव कमी होते. दोन्हींत काय निवडायचं हा ज्याचा त्याचा हिशोब. पण निवडलं की बदलायचं नाही.

सराव म्हणजे नक्की कसला, तेही सांगतो. नजर एकाच दिव्यावर, तिसऱ्या पिवळ्यावर. वरचे दोन दिवे मोजायचे नाहीत. काही ड्रायव्हर तर ते दिसूच नयेत म्हणून हेल्मेटवर पट्टी चिकटवतात. 'एक, दोन, तीन, सोड' असं तालावर सुटणारा माणूस कधी भन्नाट आकडा काढतो आणि कधी लाल, कारण ताल आपल्या धडधडीवर चालतो आणि धडधड काही दर अर्ध्या सेकंदाने होत नाही. शेजारच्या गाडीकडे बघायचं नाही. पर्याय वाढले की प्रतिक्रिया मंदावते, हे हिक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५२ साली दाखवून दिलं. 'दिवा लागला की क्लच' ही एकच गोष्ट डोक्यात ठेवली तर ०.२. 'दिवा लागला की क्लच, पण शेजारचा हलला तर बघू, आणि मागे पोलीस तर नाहीत ना' असं डोक्यात असेल तर विसरा. क्लच आधीच पकडीच्या काठावर आणून ठेवायचा, म्हणजे मोकळी हालचाल वाया जात नाही. आणि स्टेज झाल्यापासून सुटेपर्यंतचं सगळं, आरपीएम, श्वास, बोटं, मान, दर वेळी तेच. क्रिकेटमध्ये सर्व्हिसच्या जागी बॉलरचा रनअप जसा मोजलेला असतो, तसं.

आणि झोप. सबमिशनच्या आठवड्यात चार दिवस जागून जर्नल उतरवलेल्या माणसाची प्रतिक्रिया फक्त थोडी मंदावते असं नाही, मधूनमधून ती अख्खीच गायब होते. झोपेवर संशोधन करणारे लोक एक चाचणी घेतात, दिवा लागला की बटण दाबा. त्यात अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त लागला की त्याला ते चूक न म्हणता 'गळती' मानतात आणि जागलेल्या माणसाच्या गळत्याच मोजतात. कटिंग चहाने हे झाकलं जातं, जात नाही. (दारूबद्दल या मासिकात लिहायची सोय नाही, पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं.)

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट एम-फोरच्या पेपरातली आहे. सगळे जण आपला सर्वांत चांगला आकडा सांगत फिरतात. 'मी ०.००८ काढलाय.' बरं. उरलेले एकोणपन्नास प्रयत्न? दोन ड्रायव्हर घ्या. पहिल्याची सरासरी ०.०२, प्रमाण विचलन ०.०३. दुसऱ्याची सरासरी ०.०५, विचलन ०.०२. कँटीनमध्ये पहिला हिरो. पण नॉर्मल डिस्ट्रिब्युशनच्या तक्त्यात बघा: पहिला चारात एकदा लाल खाणार, दुसरा हजारात सहा वेळा. बाद फेरीची स्पर्धा असेल तर माझे पैसे दुसऱ्यावर. म्हणजे सुधारायची गोष्ट सरासरीच्या आधी विचलन ही आहे, आणि विचलन पन्नास-शंभर प्रयत्न लिहून काढल्याशिवाय कळतच नाही. पामबीचला पन्नास प्रयत्न कोण करणार? आणि लिहिणार कोण?

आता पामबीचबद्दल स्पष्टच. वाशीपासून बेलापूरपर्यंतचा साधारण दहा किलोमीटरचा तो रस्ता, एका बाजूला कांदळवन आणि खाडी, रात्री मोकळा, दिव्यांची रांग. मोह होतो, मान्य आहे. तिथल्या शर्यतींच्या, अपघातांच्या आणि नाकाबंदीच्या बातम्या वर्षानुवर्षं पेपरात येत आल्या आहेत. आमच्या विंगमधला एक जण मागच्या दिवाळीनंतर तिथे पडला. कॉलरबोन मोडलं, दोन महिने गेले, दोन केटी लागल्या. त्याची आई साताऱ्याहून येऊन अकरा दिवस नातेवाइकांकडे राहिली. तो शर्यतीत पडला नाही, हे महत्त्वाचं. शर्यत संपल्यावर परत येताना, त्याच गुर्मीत, करावेच्या अलीकडे पुढे कोणीतरी वळलं आणि याला ब्रेक लावायला उशीर झाला. आणि हा आमच्यातला सगळ्यात 'फास्ट रिफ्लेक्स'वाला!

यात आश्चर्य काहीच नाही, आणि हेच मला या लेखात सर्वांत जास्त सांगायचं आहे. रेषेवरचा ०.२ सेकंद आणि रस्त्यावरची प्रतिक्रिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेषेवर काय होणार, कुठे होणार, केव्हा होणार आणि त्यावर काय करायचं, हे सगळं आधी ठरलेलं असतं. रस्त्यावर यातलं काहीच ठरलेलं नसतं. अचानक काही आडवं आलं तर सावध ड्रायव्हरलाही ब्रेकवर पाय जायला एक ते दीड सेकंद लागतो. ते आधी दिसावं लागतं, काय आहे ते कळावं लागतं, काय करायचं ते ठरवावं लागतं. सिव्हिलच्या मित्रांना विचारा, इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत थांबण्याचं अंतर काढताना ड्रायव्हरचा वेळ किती धरतात? २.५ सेकंद. ताशी १०० ला २.५ सेकंद म्हणजे ६९ मीटर, आणि तेव्हा ब्रेक नुकता लागायला सुरुवात होते. तुम्ही ट्रीवर घासून घासून ०.०५ सेकंद कमावलात, तर तेवढ्यात ताशी १०० ला गाडी जाते १.४ मीटर. ६९ समोर १.४. पण डोक्यात हवा मात्र अशी असते, की आपले रिफ्लेक्स चांगले आहेत, आपल्याला थांबता येईल. पामबीचचा सराव माणसाला नेमका हाच गैरसमज शिकवतो. कारण तिथे मोजून देणारं कोणी नाही.

कायद्याचंही एक वाक्य. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरच्या विनापरवाना शर्यतीसाठीच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर 'तुमच्यावर काही गुन्हा दाखल आहे का' असा रकाना असतो, तो आठवा.

इथे स्टाफरूममधून टाळ्या ऐकू येतायत. थांबा, सर. नोटीस बोर्डावर 'रात्री दहानंतर दुचाकी बाहेर नेण्यास सक्त मनाई' लावून काय झालं? गाड्या दहाच्या आधी बाहेर जाऊन सेक्टरात उभ्या राहायला लागल्या. वॉचमन काकांना सगळ्यांचे नंबर पाठ आहेत, त्यांना विचारा. मनाईने शर्यत थांबत नाही, जागा बदलते. अमेरिकेत हे सत्तर वर्षांपूर्वी कळलं. रस्त्यावर पोरं गाड्या पळवत होती, तेव्हा वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थांनी १९५१ साली कॅलिफोर्नियात नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. उद्देश हाच, की शर्यत रस्त्यावरून उचलून पट्टीवर आणायची, नियम आणि घड्याळ द्यायचं. ट्री हे त्याच कामाचं पुढचं पाऊल.

आणि अमेरिका कशाला? आपल्या हॉस्टेलवर खेड, मंचर, जुन्नरची पोरं आहेत, त्यांना विचारा. तिकडच्या बैलगाडा घाटात एका वेळी एकच बारी पळते, निशाण पडतं आणि सेकंद मोजले जातात. कोणाचा गाडा पहिला यावर वाद झालाच तर घड्याळाकडे बोट दाखवता येतं. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. प्राण्यांचं काय, यावर माझी मतं वेगळी आहेत, तो वेगळा लेख. पण परवानगी, अटी, जागा आणि वेळमापन असलं की एखाद्या शर्यतीला सरळ मार्गाने उभं राहता येतं, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. ड्रॅगचंही आपल्याकडे तसं आहेच. लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' अनेकदा भरली आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत. ज्याला खरंच गाडी पळवायची आहे त्याने तिकडे बघावं. (ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या आपल्या नव्या विमानतळाची धावपट्टी ३७०० मीटरची आहे, त्यात नऊ ड्रॅग स्ट्रिप बसतात. विचारायला जाऊ नका.)

पण तिथे जाण्याआधी, किंवा कधीच न जाता, हॉस्टेलवर काय करता येईल? तर ट्री बनवता येईल. मोबाईलवरचे रिॲक्शन गेम पुरे. साधा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलतो, म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद, वर टचचा उशीर वेगळा. ज्याला ०.०२ चं विचलन मोजायचंय त्याने अशी फूटपट्टी वापरू नये. एक अर्डुइनो घ्या. त्यातलं मायक्रोसेकंदाचं घड्याळ ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने चालतं, आपल्याला त्याच्या शंभरावा हिस्सा अचूकतासुद्धा पुरे. बटण इंटरप्ट पिनवर, पहिली कड धरायची, नंतरचा खडखडाट सोडून द्यायचा. दर फेरीला पहिला पिवळा लागण्याआधीची वाट थोडी कमी-जास्त, म्हणजे ठोकताळा चालणार नाही. एलईडी, रेझिस्टर, इन्फ्रारेड सेन्सरच्या जोड्या, पीव्हीसी पाइपचा खांब. लॅमिंग्टन रोडला एक चक्कर, आणि वर्गणी काढली तर माणशी एका वडापावच्या वर जाणार नाही.

आपली फॉर्म्युला स्टुडंटची टीम यात येईलच असं धरून चालू नका. त्यांच्या ॲक्सेलरेशन इव्हेंटला ७५ मीटर असतात आणि घड्याळ गाडीने रेषा ओलांडल्यावर सुरू होतं, रेषेवरच्या झोपेचे मार्क कापत नाहीत. त्यामुळे त्यांना याची गरज नाही, असं ते म्हणतीलच. त्यांच्याकडचं सोल्डरिंग स्टेशन मात्र हवंय.

आणि शर्यत? सायकलची! हसू नका. गेटपासून कँटीनपर्यंतचा सरळ रस्ता, ३० मीटर, दोन लेन, मध्ये ट्री. सायकलला क्लच नाही, एक्झॉस्ट नाही, कोणाच्या बाबांनी किती सीसीची घेऊन दिली याचा संबंध नाही. अंतर इतकं छोटं की शर्यत जवळजवळ रेषेवरच ठरते. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. किरण जमिनीपासून चार-पाच सेंटीमीटरवरच ठेवा, वर गेला तर स्पोकमधून आरपार जातो आणि ट्री वेडी होते. दुसरं, सायकलचं त्वरण दीड मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास, त्यामुळे रोलआउटलाच ०.६ सेकंदाच्या वर जातात. तिसऱ्या पिवळ्यावर अचूक सुटलात तरी आकडा ०.३ येईल आणि सगळे हिरमुसतील. दिव्यांमधलं अंतर प्रोग्राममध्ये ०.८ करा, मग ०.०३ दिसेल. अर्धा सेकंद हा काही वेदात सांगितलेला आकडा नाही. प्रत्येकाचे वीस प्रयत्न, सरासरी आणि विचलन नोटीस बोर्डावर, जिथे ती मनाई लावली आहे त्याच्याच शेजारी. मुलींच्या हॉस्टेलचीही नावं घ्यायची, यात ताकदीचा भाग फार थोडा आहे आणि पहिल्या पाचात कोण असेल हे मला आत्ताच दिसतंय.

पामबीचला जाणारे सगळे यामुळे थांबतील का? नाही. काही जणांना वेगच हवा असतो, त्यांना सायकल दिली तर ते तिच्याकडे बघणारही नाहीत. पण जाणाऱ्यांत निम्मे तरी असे आहेत, की ज्यांना फक्त 'मी आधी सुटलो' हे सिद्ध करायचं असतं. त्यांना तीन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देणारा खांब कॅम्पसमध्येच मिळाला, तर त्यासाठी करावेपर्यंत जायचं कारण राहत नाही.

हवंय ते एवढंच: ईएक्सटीसीची प्रोग्राम लिहिणारी दोन डोकी, मेकॅनिकलचा एक जण खांबासाठी, शनिवारी दुपारी लॅब उघडी ठेवायला लॅब असिस्टंट काकांची हो, आणि फेस्टच्या आधीच्या दोन संध्याकाळी पाच ते सात गेट-कँटीन रस्ता बंद ठेवायची रेक्टर सरांची सही. अर्ज मी लिहून ठेवलाय, मेस सेक्रेटरीकडे आहे. उसळीबद्दल काही न बोलता मागितलात तर देईल.